सरांच्या नावाचा जंत

२ जून
आजपासून फक्त रिसर्च. मोबाईल बंद. (संध्याकाळी थोडा वेळ चालू केला. तेवढं चालतं.)
डिपार्टमेंटच्या कपाटात जुन्या काळच्या समुद्री माशांच्या बरण्या आहेत. त्यांच्या पोटात तेव्हाचे जंत. माशांना जंत भरपूर म्हणजे समुद्र धडधाकट. हे सायन्स आहे, बायकोला, वैदेहीला, पटत नाही. जुने जंत मोजायचे, आताच्या माशांतले मोजायचे, पेपर छापायचा आणि ऑगस्टच्या इंटरव्ह्यूत पर्मनंट व्हायचं. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली. बस झालं.

५ जून
तनुजाही तासिकेवरच, त्याच जागेच्या मागे. इथल्याच देवगाव रंगारीची, समुद्रापासून माझ्याइतकीच लांब. म्हणाली, सर, इथं बसून समुद्र नाय कळायचा, मी कोकणात हर्णैच्या बंदरावर चालले. मी समुद्र पाहिलेला नाही. ग्रहांवर संशोधन करणारे काय तिकडे राहून आलेत? जाऊ दे तिला. मैदान मोकळं.

११ जून
तुलनेसाठी बाजारातून बर्फातला मासा आणला. पोट फाडायच्या आधीच वासाने मला बाहेर पळावं लागलं. घरी वैदेहीने कपड्यांसकट बाथरूममध्ये ढकललं. मोठ्या संशोधकांना घरातूनच विरोध असतो.
ताजे मासे रद्द. जुने पुरेत.

२९ जून
सापडला! एका बरणीतल्या माशाच्या घशात. लांब, पांढरा, एकदम नवीन जंत! आमच्या लाईनमध्ये नव्या जंताला गाइडचं नाव द्यायची पद्धत आहे. माझे गाइड व्यंकटराव सर, आणि इंटरव्ह्यू कमिटीवरही तेच. पद्धत चांगलीच आहे.
फोटो पाहून तनुजाने मेसेज केला, सर, एकदा नीट बघून घ्या. जळतेय.

१५ जुलै
सरांना रिटायरमेंटनंतर तिसरं एक्स्टेन्शन मिळालं, त्याचा सत्कार. गुलमंडीत जंताच्या फोटोला फ्रेम करून घेतली आणि स्टेजवरून वर्णन वाचलं. डोकं अतिशय लहान. डोळे नाहीत. स्वतः काही करत नाही, दुसऱ्याचं आयतं शोषतो. एकदा चिकटला की सुटत नाही. म्हणून सरांचं नाव.
काय टाळ्या! मागच्या रांगेतले प्राध्यापक डोळे पुसत होते. सरांच्या मिसेस, कालिंदीकाकू, म्हणाल्या, अगदी हुबेहूब. सर चहा न घेताच निघाले. भरून आलं असणार.

८ ऑगस्ट
इंटरव्ह्यू. बाहेरून आलेल्या एक्सपर्टने माझी स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली. म्हणाले, हा दोरा आहे. पूर्वी माशाच्या तोंडातून ओवून लेबल बांधायचे. तुम्ही ज्याला डोकं म्हणता, ती गाठ.
सर उठले, एक्सपर्टचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, म्हणजे याला माझं नाव राहणार नाही ना? सत्कारानंतर पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.
मी म्हणालो, दोराही जुनाच आहे. कुणी लिहून घेतलं नाही.

१२ ऑगस्ट
जागा तनुजाला. राजकारण, दुसरं काय! जेवलो नाही. नंतर जेवलो. फार वाईट वाटतंय.

१ सप्टेंबर
तनुजाच्या प्रोजेक्टवर असिस्टंट हवा होता. अर्ज केला. तिने काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाली, सर, बसा ना. घेतलं मला.
आता तिला चारचौघांत मॅडम म्हणावं लागणार. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. बऱ्याच वेळाने जमलं. वैदेही दारात उभी होती. हसली नाही.