माझा अर्धा पासवर्ड

प्रिय तारवाल्या,

पत्र लिहायचं कारण आधीच सांगते. काल दुपारी मी आपल्या दोघांचा रूट पासवर्ड पुसला. शुक्रवारी मी निवृत्त होते आहे आणि त्याआधी रुग्णालयाच्या नव्या इमारतीला नेटवर्क जोडून द्यायचं होतं. रोजची कामं साध्या खात्यांवर भागतात, पण याला राउटरचं मुख्य, म्हणजे रूट, खातंच हवं. माझ्याजवळ पासवर्डाचा दुसरा अर्धा भाग. पहिला तू घेऊन गेलास, त्याला सहा वर्षं झाली.

माझ्या जागी येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अहो, अर्धाच तर हवाय, फोन लावा की त्यांना! नंबर नाही, असं मी सांगितलं. नंबर होता. मग त्या विचारतात, असा अर्धा अर्धा पासवर्ड ठेवायची अक्कल कोणाची? माझी, म्हटलं. एकाच माणसाच्या हाती सगळं नको. आधी तू टाइप करायचास, मी भिंतीकडे तोंड करून उभी. मग मी टाइप करायची, तू भिंतीकडे. त्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाला तू ‘मोठे साहेब’ म्हणायचास आणि रोज सकाळी नमस्कार ठोकायचास. गेल्या महिन्यात भिंतीला रंग दिला. साहेब आठवड्यात परत हजर.

राउटरची पेटी काढून तो सर्व्हरच्या पोटात नुसता प्रोग्रॅम म्हणून तूच बसवलास, तेव्हा मी महिनाभर कुरकुर केली होती. काल त्याचाच उपयोग झाला. सर्व्हरमधूनच त्याचा पडदा उघडला आणि तो बंद करून चालू केला. सुरू होताना एक क्षण मिळतो. तेवढ्यात कळ दाबून अडवलं तर तो पासवर्ड न विचारता आत घेतो. दोनदा माझा क्षण हुकला. तोवर नेटवर्क बंद, म्हणून सिस्टर रिपोर्टचे कागद घेऊन जिने चढत होत्या आणि माझा उद्धार करत होत्या. तारवाला असता तर एव्हाना झालं असतं, असंही एकीने ऐकवलं. तिसऱ्यांदा जमलं. नवा पासवर्ड दिला आणि राउटर पुन्हा सुरू केला. तुझी सगळी मांडणी जशीच्या तशी होती, प्रत्येक जोडणीपुढे तुझी टीप. माझ्या खोलीच्या जोडणीपुढे लिहिलं होतंस: नियमबाईंची खोली, ही शेवटपर्यंत चालू ठेवायची. ती ओळ मी तशीच ठेवली आहे.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा, हाही माझाच नियम. तुझ्या वेळी मी तो मोडला. सहा वर्षांत एकदाही बदलला नाही, कोणी विचारलं तर कामाचा व्याप पुढे केला.

तू विचारलंस तेव्हा तुझ्या हातात पक्कड होती. माझ्याबरोबर येशील, कायमची? मी म्हटलं, आधी हातातलं काम संपव. दुसऱ्या दिवशी दर वर्षीप्रमाणे पासवर्ड बदलायचा होता. तू तुझा भाग टाकलास आणि भिंतीकडे वळलास. मी माझा टाकला: ‘येईन नक्की’, इंग्रजी अक्षरांत, आणि आकडा लागतोच म्हणून मागे चोपन्न, माझं तेव्हाचं वय. मला वाटलं, उत्तर देऊन झालं; तू पुन्हा विचारशील तेव्हा तोंडाने सांगू. तू पुन्हा विचारलं नाहीस. महिन्याने गेलास. दिलेला पासवर्ड यंत्रालाही वाचता येत नाही, पुन्हा टाकला तर ओळखता येतो, एवढंच. तरी कालपर्यंत ते उत्तर तुझ्या अर्ध्या भागाला चिकटून तिथे होतं. आता ते कुठेच उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझीच,
नियमबाई

सोपवल्याची नोंद:
नव्या मॅडमकडे: नवा पासवर्ड, बंद पाकिटात, पूर्ण. सर्व्हरच्या खोलीच्या किल्ल्या, दोन.
तुझ्याकडे: जुना पासवर्ड, माझा अर्धा.