पायरीपाशी ओतलेलं पाणी

२४ जून
पोचलो एकदाचे! अकरा गाई, सात शेळ्या, मी आणि माझी चार वर्षांची सुन्निवा. नवरा बुडाल्यापासून आज पहिल्यांदा जीव हलका वाटला. उन्हाळी चराईची डोंगरावरची ही झोपडी सप्टेंबरपर्यंत आमची. छपरावर गवत, चुलीच्या बरोबर वर धूर जायला मोठं भोक. शेजारच्या कुरणावरची म्हातारी योरुन लोणी घेऊन आली. तिने बजावलं, की उकळतं पाणी बाहेर ओतताना आधी 'बाजूला व्हा, गरम आहे' असं जमिनीखाली राहणाऱ्यांना सांगायचं. त्यांचीही लेकरंबाळं असतात. मी मान डोलावली. आम्ही किनाऱ्यावरचे लोक समुद्रातल्यांना भितो, जमिनीखालच्यांना कोण विचारतो!

१ जुलै
चीज कढईला लागत होतं, गाई दोहायला हंबरत होत्या. घाईघाईत दुधाची भांडी धुतली आणि उकळतं पाणी पायरीपाशी भस्सकन ओतलं. सांगायचं राहिलं. खालून बारीक किंकाळी आली. मांजर असेल, अशी मनाची समजूत घातली. इथे मांजर नाही.

३ जुलै
सुन्निवा पायरीशी बसून कुणाशी तरी खेळते. म्हणते, नवी मैत्रीण आहे, तिच्या पायांची सालटी निघालीत. भर दुपारी योरुनकडे धावले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो गं? आता ते तुझ्या पोरीवर सूड उगवतील." लोणी ठेव, माफी माग, एवढाच उपाय तिला ठाऊक होता.

५ जुलै
लोणी ठेवलं होतं. उंबऱ्यावर परत आलं, वितळून उकळत. माफी मागून मागून घसा बसलाय. गाई गेल्या खड्ड्यात म्हणून पोरीला कडेवर घेऊन निघाले. तीनदा. तिन्ही वेळा पायवाट फिरून याच पायरीशी आली. देवा, मला भाज. तिला नको.

६ जुलै
छपरावर पावलं. पाणी उकळतंय कुठेतरी — माझी चूल विझलेली आहे —

वरून बाईचा आवाज, मायेचा: "गरम आहे गं. लेकराला बाजूला घे."

ती सांगतेय. मी सांगितलं नव्हतं.

पोरीला पांघरुणासकट उचललं, भिंतीशी आले. पोटाशी घट्ट धरलंय — वाचली —

पांघरुणाबाहेर पाय. सालटी निघालेले.

मग चुलीपाशी कोण — भोकाखाली — वर बघून हसतेय ती —

सुन्निवा, बाजूला हो, गर