भुईआवळीची पुडी

नवागाम, सुरत
१२ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप सासूबाईंना सिंधूचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. हर्षदा शाळेत जाते. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

ह्यांचा उजवा हात मोडलाय. कुठे पडले नाहीत. मीच वरवंटा मारला.

तुम्ही दर महिन्याला भुईआवळीची पुडी पाठवता, मी रोज सकाळी ताकातून देते. लिव्हर कडक होत चाललंय, दारू बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ह्यांनी वेगळाच अर्थ काढला. सकाळी आईची पावडर पोटात गेली की संध्याकाळी दारूची प्लास्टिकची पोटली चालते. कापडाच्या लूमवर कामाला असलेल्या सगळ्यांना सांगतात, माझ्या लिव्हरला आईने कुलूप लावलंय.

मागची पुडी टपालात अडकली, तेव्हा आठ दिवस हे भीतीने प्यायले नाहीत. मी देवीला नारळ फोडला. शनिवारी पुडी आली, ती मी पिठाच्या डब्यात लपवली. ती दे म्हणून ह्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी देईना, तेव्हा हर्षदाला केस धरून फरफटवलं. वरवंटा हातात कधी आला मला कळलं नाही.

आता डाव्या हाताने जेवतात, काळजी नको. मला चार टाके पडलेत, केसांत दिसत नाहीत.

तुमची माया कळते मला. पण आता पुडी पाठवू नका, आली तर गटारात टाकीन. ह्यांना लिव्हरची भीती वाटू द्या. नाहीच वाटली, तर माझी वाटेल. वरवंटा मी उशाशी घेऊन झोपते.

तुमची सून,
सिंधू