दारात उभे राहून

प्रिय धाकटे बंधुराज, अनेक आशीर्वाद.

कळवण्यास अत्यंत खेद होतो की, इस्पितळाच्या चौकशी-टेबलावरची माझी उंच खुर्ची काढून घेऊन मला बुटके स्टूल देण्यात आले आहे. या वयात असे अधःपतन!

कारण संतापलेल्या माणसाशी उंचावरून नव्हे, खाली बसून, सावकाश बोलायचे आणि त्याची दाराकडची वाट मोकळी ठेवायची, असे आम्हाला शिकवले. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिवावरच्या प्रसंगातून गेलेल्याच्या मेंदूत धोक्याची घंटा आधी वाजते, विचार मागून येतो. तेव्हा उपदेश ऐकूच जात नाही, काका." 'काका' मला फार लागले.

काल एक गृहस्थ टेबलावर मुठी आपटत आले. मी स्टुलावरूनच विचारले, "पाणी देऊ?" थोड्या वेळाने ते रडू लागले.

आईचे गुडघे कसे आहेत? तुला झोप लागते का?

कारखान्याच्या आगीत तू बंद दारामागे अडकला होतास. महिन्याने घरी ताट भिरकावलेस, तेव्हा मी दारात आडवा उभा राहून तुला क्रोधावरचे श्लोक ऐकवले. तू सारखा दाराकडे बघत होतास. मला तो उद्धटपणा वाटला.

तुला आता माझीही भीती वाटते का, या एकाच विचाराने मी धास्तावलो आहे.

तुझाच,
दादा