तिरप्या अक्षराचं दत्तकविधान

अप्पा,

शब्दकोश छापून आला. आपल्या मराठवाड्याच्या बोलीचा, भिंतीत वीट म्हणून बसेल एवढा जाड, आणि त्याची अक्षरजुळणी मी केली आहे. तुम्ही असता तर आधी एक पान उजेडाकडं धरून पुढच्या-मागच्या ओळी एकमेकींवर बसतात का ते पाहिलं असतं, आणि बसतात म्हणून थोडे नाराज झाला असता. बसतात. मी पाहिलंय.

क्रांती चौकाजवळच्या त्या छापखान्यात तुम्ही उभ्यानं आयुष्य काढलंत. एका हातात अक्षरं जुळवायची पट्टी, दुसरा हात न बघता शिशाच्या खिळ्यांच्या खणांतून फिरणारा. काळ्या, म्हणजे ठळक टाइपाची केस, ती खणांची पेटी, वेगळी; पांढऱ्याची, म्हणजे साध्याची, वेगळी. तिरपी मराठी तुमच्याकडं नव्हतीच. कुणी वकील, प्राध्यापक इंग्रजीसारखं तिरपं अक्षर मागायला आले की तुम्ही म्हणायचात, "साहेब, आपलं अक्षर दोरीला टांगलेलं असतंय. तिरपं केलं की घसरतंय." साहेब हसायचे आणि काळा टाइप ठरवून जायचे.

मग कॉम्प्युटर आला. मी तेव्हा विशीत, नुकताच डीटीपीचा क्लास करून आलेली, म्हणजे जगातलं सगळं येणारी. एक लग्नपत्रिका केली. एक बटण दाबलं, वधूवरांची नावं झुकली. दुसरं दाबलं, फुगली. दुपारची वेळ, तुम्ही डबा खात होता. हात धुऊन आलात, चष्मा लावलात.

"हे अक्षर कुणी घडवलं?"

"कुणी नाय. मशीननं केलं."

"व्हय, दिसतंय. धक्का मारून वाकवलंय आन् मग सुजवलंय."

"आता कुणाला कळतंय, अप्पा?"

"मला," एवढंच म्हणालात, पत्रिका परत दिलीत आणि उरलेली भाकरी खायला गेलात. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. ते तुमच्या लक्षातही आलं नसावं. तुम्ही तसेही कमीच बोलायचात.

तर हा शब्दकोश. वैजापूरचे एक निवृत्त गुरुजी पोतंभर चिठ्ठ्या घेऊन इथल्या प्रकाशकांकडं आले. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ढिगांशेजारी बसून त्यांनी वर्षानुवर्षं शब्द टिपलेले. प्रकाशकांचा मला फोन. "नमुन्याची सोळा पानं करा, मॅडम. पुण्याच्या एका जुळणीवाल्याकडूनही मागवलीत." मी म्हणाले, "मागवा की. पुण्याला विचारल्याशिवाय आपल्याला आपली बोली तरी कशी कळणार?" अट एकच घातली: काम मला मिळालं तर आतल्या पानावर 'अक्षरजुळणी'पुढं माझ्या डीटीपीच्या दुकानाचं नव्हे, माझं नाव छापायचं. तुम्ही जन्मभर पुस्तकं जुळवलीत, मीही केस पांढरे होईतो जुळवते आहे, आणि दोघांचं नाव कुठल्याही पुस्तकात शोधून सापडायचं नाही. प्रकाशक म्हणाले, "आधी नमुना बघू, मग नावाचं."

शब्दकोशाला चार तऱ्हांचं अक्षर लागतं. मूळ शब्द ठळक, अर्थ साधा, बोलीतलं उदाहरण तिरपं, आणि त्या उदाहरणात मूळ शब्द आला की तो ठळक-तिरपा. माझ्या सॉफ्टवेअरला हे सगळं कुटुंब आधी मांडून द्यावं लागतं. तुमच्या केससारखेच चार खण समजा. कुठल्या खणात कुठला फॉन्ट, ते लिहून द्यायचं. माझ्या फॉन्टात साधा होता, ठळक होता, तिरपा नव्हताच. घडवणारा तुमच्याच मताचा असावा. आणि खण रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर ओरडत नाही. मुरलेल्या कारकुनासारखं गप्प राहतं, साध्यालाच वाकवतं आणि कागद पुढं सरकवतं. म्हणून तिरप्याच्या जागी मी परक्या घराण्यातला फॉन्ट दत्तक घेतला: ताठ उभा, पण बोरूनं लिहिल्यासारखा हलका, वळणानं वेगळा. दत्तक पोर अंगानं किरकोळ निघालं. तेवढ्याच मापात बारीक दिसायचं, शिरोरेघ खाली राहायची. टक्क्याटक्क्यानं वाढवत दोघांच्या रेघा एका दोरीत आणायला दोन दिवस गेले.

पहिली छापील पानं बघायला गुरुजी एसटीनं आले. एकेक ओळ तपासत गेले. मग एका शब्दावर बोट ठेवलं. "ताई, बाकीचे सगळे ताठ हायेत. ह्यो एकटाच का पेंगतोय?"

मी पाहिलं. तीन खण भरले होते, चौथा विसरले होते. ठळक-तिरपा सॉफ्टवेअरनं स्वतःच करून घेतला होता, धक्का मारून वाकवून आणि मग सुजवून. तीच लग्नपत्रिका, अप्पा, एवढ्या वर्षांनी.

"त्याला घरच दिलं नाही मी, गुरुजी."

"मंग द्या की. लई अवघड हाय का?"

अवघड काय, एका ओळीचं काम. दत्तक घराण्यातलाच ठळक आणून चौथ्या खणात बसवला. गुरुजींचा चहा संपायच्या आत तो शब्द जागा झाला.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकांच्या टेबलावर दोन्ही नमुने शेजारी शेजारी. पुण्याचा कागद सुरेख, समास ऐसपैस, आणि ठळक शब्द गालगुंड झाल्यासारखे. 'ष'चं पोट शाईनं भरलेलं, डोक्यावरची टिंबं रेघेला चिकटलेली, उदाहरणं सगळी उजवीकडं कललेली. गुरुजींनी खिशातून भिंग काढून ते पान कसंबसं वाचलं. माझ्या पानावर आले तेव्हा भिंग बाजूला ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागले. साध्या अक्षरातला अर्थ शाळेतल्या आवाजात, उदाहरण आलं की थेट बाजारातल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पानच सांगत होतं. एका वाक्याला स्वतःच खो खो हसले.

"हितं आमचं माणूस बोलतंय," ते म्हणाले. मग पुण्याच्या पानावर बोट ठेवलं. "आन् हितं पिऊन बोलतंय."

प्रकाशकांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव कसं लिहायचं, मॅडम? पूर्ण?"

पूर्ण, अप्पा. पुण्यासाठी मी घरून चार टोमणे तयार करून नेले होते. एकही लागला नाही, एवढीच काय ती खंत.

शेवटची पानं छपाईला जाताना प्रकाशकांनी विचारलं, "खाली एका ओळीची जागा आहे. वडिलांचं नाव टाकायचं का? शोभेल." मी "नको" म्हणाले. सगळ्यांना वाटलं, मी साधी आहे. तसं नाही. तुमचं नाव खाली आलं असतं तर लोक म्हणाले असते, बापाचा हात आहे. तुमचा हात होताच, पण ते चार खण मी भरले. ती ओळ कोरी सोडली आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पुस्तक हातात आलं तेव्हा मी एकही शब्द न बघता ते पान उघडून माझं नाव तीनदा वाचलं. हे पत्र पाठवायला पत्ता असता, तर एवढं शेवटचं मी खोडलं असतं.