एक पाकीट

दादा,

सिगरेट सोडल्याचा आज एकोणिसावा दिवस. तलफ आली की दवाखान्यातल्या सिस्टरना फोन करायचा, असं ठरलंय. त्या म्हणतात, "पाणी प्या, बोलत राहा, जाईल ती." आणि खरंच, कंटाळलेली पाहुणी उठून जावी तशी ती जाते.

आज त्यांचा फोन लागेना. बांधायची पुस्तकं समोर तशीच पडलेली, खळ वाळत चाललेली, आणि माझे पाय आपसूक कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळले. झोपेत चालावं तसा मी, आणि दोन पावलं पुढे तू.

"मावशी, एक पाकीट."

वीस वर्षं ती न विचारता आपला ब्रँड काढून देते. आज तिने पत्राचं कोरं पाकीट पुढे सरकवलं.

"अहो, हे नव्हे!"

"पाकीटच मागितलंत ना? तुम्हाला आता हेच मिळेल. तुमच्या दादांना शेवटपर्यंत देत राहिले, तेवढं बास झालं."

भांडणार होतो. पण तिचे डोळे बघितले आणि गुपचूप घेऊन आलो.

आता मागच्या पायरीवर बसलोय, जिथे आपण एकीतली अर्धी-अर्धी ओढायचो. हातांना खळीचा वास येतोय. तीस वर्षं ती कालवली, पण तिला वास असतो हे आज कळलं. भिंतीवरचं ऊन धुरासारखं वर चाललंय आणि त्यात तू डोळा मिचकावतोयस, "धाकट्या, एक झुरका?"

आज नको रे.

हे तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. तरी त्याच पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवतोय, नेहमीच्या जागी. सवयीने हात गेलाच, तर तू लागशील.

तुझा अर्ध्याचा वाटेकरी,
धाकटा