बावीस नंबरचे थांबे

१ फेब्रुवारी, गुरुवार

सिटी बस खात्याचं पत्र आलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. लूशसचा फोटो एका अख्ख्या बसवर रंगवणार आहेत! हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना, म्हणून आत्ता जाहीर करतील. गाडी बाहेर काढतील जूनटीन्थला, गुलामी सुटल्याच्या दिवशी. 'या शहराचा पहिला काळा बस ड्रायव्हर, लूशस टॉलिव्हर.' त्यासाठी माझी सही हवी आहे. मिसेस व्हर्लीन टॉलिव्हर, विधवा, असं लिहिलंय. दोन वर्षं झाली, तरी तो शब्द टोचतो.

नेहमीसारखी बावीस नंबरने त्याच्या कबरीपाशी गेले. गुरुवार त्याच्या सुट्टीचा वार, म्हणून मी गुरुवारीच जाते. पत्र वाचून दाखवलं. काही बोलला नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलायचा!

४ फेब्रुवारी, रविवार

बर्नडीनने सगळ्या चर्चला सांगून टाकलंय. प्रार्थनेनंतर जेवणाच्या खोलीत तळलेल्या कोंबडीची ताटली घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"माझा भाऊ बसएवढा मोठा होणार! आणि तू तोंड का पाडून बसलीस गं?"

विचारलं, फोटो कुठला घेतायत?

"तोच की, पेपरात आला होता तो. नवी टोपी, बसच्या पायरीवर उभा, दात काढून हसतोय."

तोच. मला वाटलंच होतं.

"तू घरात कधी लावला नाहीस तो. मी असते तर दारातच टांगला असता."

म्हटलं, खिळा नव्हता.

"सत्तावन्न वर्षं खिळा नव्हता!" सगळं टेबल हसलं. मीही हसले.

५ फेब्रुवारी, सोमवार

बर्नडीनला माहीत नाही ते इथे लिहून ठेवते. मी गेल्यावर कोणाला तरी सापडू दे.

फोटो १९६६च्या नोव्हेंबरातला. पेपरवाले आले, साहेब आले, लूशसला पायरीवर उभं केलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला तर हातात लांब दांड्याचा ब्रश दिला. "गोऱ्या प्रवाशांची अजून तयारी नाही, टॉलिव्हर. तोवर गाड्या धू." डेपोच्या मागे धुण्याचं यार्ड होतं. तिथे सात महिने! भर थंडीत, बादलीतल्या पाण्याने. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या. मी व्हॅसलीन चोळायची. तो भिंतीकडे बघत बसायचा.

रोज सकाळी मात्र गणवेश चढवून, टोपी घालून निघायचा. वस्तीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. त्याच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगा गोऱ्यांच्या भागात गाडी चालवत होता. "तिला कशाला सांगायचं," एवढंच म्हणाला. मी कधी सांगितलं नाही.

पण तयारी सोडली नाही त्याने. डेपोतून बावीस नंबरच्या थांब्यांची यादी आणली होती. जेवण झालं की रताळ्याचा गोड 'पाय' भाजायची रिकामी गोल थाळी दोन्ही हातांत धरून बसायचा, तेच स्टिअरिंग. आणि थांबे म्हणत जायचा. पिकेट स्ट्रीट. माउंट ऑलिव्ह चर्च. डॅबनीचं दुकान. लिंकन शाळा. यादी माझ्या हातात. मी शाळा सोडली ती तिसरीत, कापूस वेचायला. अक्षरं ओळखायची, शब्द जुळायचे नाहीत. तो म्हणायचा, मी बोटाने शोधायची. चुकला तर 'थांब' म्हणायचं. महिनाभर तो चुकलाय की नाही तेच मला कळत नव्हतं! मग एक दिवस मी म्हणाले, "थांब. हॉस्पिटलच्या आधी दफनभूमी आहे." त्याने थाळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी वाचायला अशी शिकले. बायबल, पेपर, लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं, सगळं त्यानंतरचं. यादी अजून बायबलात आहे.

जूनमध्ये त्याला बावीस दिली. का, तर ती सगळी आमच्याच वस्तीतून जायची. चौतीस वर्षं चालवली. फोटो आयुष्यभर खणात पालथा.

७ मार्च, गुरुवार

थांब्यावर कागद चिकटवलाय. 'मार्ग क्र. २२ : प्रवासी कमी असल्याने २० जूनपासून बंद.'

होझियाला चष्म्यातूनही दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. होझिया पलीकडच्या घरात एकटा राहतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, काउंटी हॉस्पिटलात, याच गाडीने.

"परत वाच."

परत वाचला.

"म्हणजे तुझ्या नवऱ्याचं थोबाड रंगवायला पैसे आहेत, आणि मला न्यायला नाहीत?" मग स्वतःच ओशाळला. "राग मानू नकोस, व्हर्लीन. लूशस असता तर मला पाठीवर घालून नेलं असतं."

गाडी आली. शेनीस चालवते, तरणी पोर, केस जांभळे. म्हणाली, "मलाही आजच कळलं, मिस व्हर्लीन. मी दुसरीकडे जाईन हो. तुम्ही कुठे जाणार?"

कबरीपाशी आज फार वेळ बसले नाही.

१२ मार्च, मंगळवार

सही केलेली नाही. बर्नडीन बोलत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

बस खात्याची मुलगी घरी आली. केन्ड्रा व्हिटलो. आपलीच आहे, नीटस, सव्वीस-सत्तावीसची. ओट्यावर बसवलं, गोड चहा दिला बर्फ घालून. "माझी आजी असाच करायची," म्हणाली. डोळ्यांत खरंच पाणी होतं तिच्या.

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "सही करते. पण बावीस बंद करायची नाही. आणि लूशसची गाडी बावीसवरच धावली पाहिजे. शहरातल्या हॉटेलांभोवती फिरवायची नाही."

"मिस व्हर्लीन, ते माझ्या हातात नाही हो."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला फोन लाव. मी चहा पिते."

अंगणात जाऊन बोलली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. समोर होझिया कुंपणाला टेकून आमच्याकडेच बघत होता. ती धावतच आली. "हो म्हणाले! बावीस राहणार. आणि गाडी बावीसवरच!"

हे सगळं कागदावर आहे का, असं विचारणार होते. तेवढ्यात तिने फोटो उलगडला. टेबलाएवढा मोठा केलेला. लूशस, पंचवीस वर्षांचा. दात, टोपी, कानामागचा तो तीळसुद्धा. हात बघितले. हात कोवळे होते, चिरा पडायच्या आधीचे.

सही केली. सहा पानं होती. मी मिठाच्या पुडक्यावरचंसुद्धा वाचणारी बाई. फोटोवरून नजर हलली नाही.

होझियाला ओरडून सांगितलं. त्याने टोपी हवेत उडवली, आणि ती गेली गटारात!

१२ मे, रविवार

थांब्यावरचा कागद अजून तसाच. केन्ड्रा फोनवर म्हणते, काढतील. काढायचं काम दुसऱ्या विभागाकडे असतं म्हणे.

१९ जून, बुधवार

जूनटीन्थ. सुट्टी, म्हणून शहरात एकही बस नाही. बसचा समारंभ, आणि तिथे जायला बस नाही! मला न्यायला मोटार पाठवली होती. बर्नडीनला घेतलं. होझिया इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर तयार बसला होता, पण ड्रायव्हर म्हणाला, नावं दोनच आहेत. मी भांडले. होझियाच म्हणाला, "जा गं, उशीर होईल. तिथे जूनटीन्थचं लाल सरबत वाटतील, माझ्या वाटचं आण." वस्तीतलं दुसरं कोणी येऊच शकलं नाही.

मुख्य बस स्टेशनावर मांडव, बँड, खुर्च्या. पडदा ओढला. लूशस या टोकापासून त्या टोकापर्यंत! बर्नडीन हुंदके देऊन रडायला लागली. मी रडले नाही. माझं लक्ष दारावरच्या नंबराच्या पाटीकडे. पाटी कोरी होती.

महापौर म्हणाले, "याच हसऱ्या माणसासाठी या शहराने दार उघडलं." टाळ्या. मग माईक माझ्यासमोर. पुढच्या रांगेत पोरं बसली होती, शाळेतून आणलेली, कागदी टोप्या घालून.

सांगायचं होतं. ब्रश, बादली, सात महिने. तोंडापर्यंत आलं होतं. पण बर्नडीनकडे बघितलं. तिचा चेहरा इतका उजळला होता! आणि वाटलं, आज खोडा घातला तर उद्या बावीस काढून घेतील. म्हणाले, "आभारी आहे. लूशसला आवडलं असतं."

हे शब्द मी बोलले. त्याला आवडलं नसतं.

सरबत आणायला विसरले.

२० जून, गुरुवार

आठ वाजून दहाची गाडी. आठलाच जाऊन उभी राहिले. होझिया डायलिसिसची पिशवी घेऊन आधीच आलेला. म्हणाला, "आज लूशस नेणार मला. सांगतो त्याला, खड्डे बघून चालव."

साडेआठ. नऊ. ऊन वर आलं. होझिया खाली बसला. थांब्याची पाटी खांबावरून काढून नेली होती, चार भोकं तेवढी उरलीत. ते मी आल्या आल्याच पाहिलं होतं. बोलले नाही.

पावणेदहाला बर्नडीनला फोन करून चर्चची व्हॅन मागवली. हॉस्पिटलात त्याची वेळ टळून गेली होती. शनिवारी या म्हणाले.

कबरीपाशी जाता आलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा.

२२ जून, शनिवार

होझियाला दाखल करून घेतलंय. छातीत पाणी झालं. नळ्या लावलेल्या, तरी मला म्हणाला, "सरबताचं राहिलंच की गं." त्याची मुलगी मोबील शहरातून येतेय. त्याला घेऊन जाईल बहुतेक.

२४ जून, सोमवार

सहा पानं काढून बसले. सहाव्या पानावर, खाली: 'सदर वाहन केवळ समारंभ व प्रदर्शनासाठी असून नियमित मार्गावर वापरले जाणार नाही.' बावीसचा कुठे शब्द नाही. त्याच्याखाली माझी सही, वळणदार. लूशसने पाहिली असती तर म्हणाला असता, काय अक्षर आहे!

केन्ड्राला फोन केला. ती आधीच रडत होती. "मला त्यांनी तसंच सांगितलं होतं, मिस व्हर्लीन. शपथ घेऊन सांगते. गाडीचा फोटो छापून आल्यावर म्हणाले, आम्ही बावीसचा फक्त विचार करू म्हणालो होतो."

मी एवढंच विचारलं, गाडी आहे कुठे? तिला ठाऊक नव्हतं.

बर्नडीनला बोलावून घेतलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून सगळं सांगितलं. ब्रश, बादली, सात महिने. ती म्हणाली, "पोरगा ड्रायव्हर झाला म्हणून आईने त्या सात महिन्यांत पाच घरी रताळ्याचे गोड 'पाय' करून वाटले गं." आणि भांड्यांच्या कपाटाकडे गेली, ती जुनी थाळी शोधायला. आहे अजून. एका बाजूने चेपलीय.

२७ जून, गुरुवार

शेनीसने सकाळी फोन केला. लूशसची गाडी सापडली. डेपोच्या मागे, धुण्याच्या यार्डात उभी आहे. रस्त्यावर काढायची नाही, रंग जाईल म्हणतात. रोज धुतात.